कुठल्या वाटेनं?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, तालुका अकोले, घोषणा १९८६. नकाशात सगळं एकाच हिरव्या रंगाचं. प्रत्यक्षात आत भातखाचरं, गुरं, महादेव कोळ्यांच्या वाड्या.

हरिश्चंद्रगड म्हटलं की पहिला प्रश्न, कुठल्या वाटेनं? पाचनईची सोपी, पोराटोरांनाही झेपते. खिरेश्वरहून निघालं तर तोलारखिंडीत वाघाचं शिल्प भेटतं. बेलपाड्याची नळीची वाट मात्र कोकणातून थेट कोकणकड्याच्या बगलेनं वर घुसते. नुसते धोंडे आणि घसारा. त्या वाटेनं वर आलेला माणूस पाचनईवाल्यांकडे जरा तिरकंच बघतो. मीही बघितलं होतं. मग डोक्यावर पिठाची गोणी घेतलेली पाचनईची एक मावशी साध्या चपलांवर मला मागं टाकून गेली. वर तिच्याच झापात पिठलं-भाकरी खाल्ली, मुकाट्यानं.

कोकणकडा पालथं झोपूनच बघायचा. कडा मधे आत गेलेला, खालून वारा असा की ओतलेलं पाणी तोंडावर परत येतं. टोपीही परत येते म्हणतात. माझी आली नाही.

इंद्रवज्र : कडा पश्चिमेला तोंड करून, म्हणून सकाळी बघायचं. पाठीशी कोवळं ऊन, समोर दरीत धुकं, धुक्यावर गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली. शेजारच्याला दिसतं ते त्याच्या सावलीभोवती. तीन खेपा झाल्या, मला अजून नुसतंच धुकं.

गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती कमरेएवढं गार पाणी. चार खांबांपैकी एकच शाबूत. तो पडला की कलियुग संपणार, असं गावात सांगतात. पाण्यात उतरल्यावर नजर आपोआप त्याच्याकडे जाते.

कळसूबाई, १६४६ मीटर. बारी गावातून चढाई, लोखंडी शिड्या. रविवारी शिडीवरही रांग. मंगळवारी जावं.

काजवे मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर. भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात. हा लखलखाट नर-मादीच्या भेटीसाठी. त्यात आपण गाडीचे दिवे लावून, बॅटऱ्या मारत उभे! दिवे विझवून पाव तास गप्प बसलं की झाड हळूहळू पुन्हा पेटतं.

सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही. तिथल्या साम्रद गावचे लोक नको म्हणाले तर नकोच.

पुढच्या खेपेला साधले घाटानं बेलपाड्याला उतरायचं. वाट दाखवायला कोण येईल, मावशीला विचारायचं.