शिष्यवृत्ती आणि खुर्ची

आमच्या बडोद्यात ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द उच्चारताना जुन्या पिढीचा आवाज जरा हळुवार होत असे. कोकणातून, देशावरून इकडे येऊन स्थिरावलेल्या कितीतरी मराठी घराण्यांच्या पहिल्या पदवीमागे कुणाचे तरी साहाय्य उभे होते. कधी ते संस्थानचे असे, कधी एखाद्या निधीचे, तर कधी वार लावून जेवू घालणाऱ्या शेजारणीचे. सरकारी साहाय्य असले की त्याबरोबर बहुधा एक करारही येई. शिक्षण पुरे झाल्यावर अमुक वर्षे सरकारची नोकरी करीन, असे लिहून द्यावयाचे. आमच्या घरी त्याला सरळ ‘बाँड’ म्हणत, आणि ‘तो बाँडात आहे’ हे वाक्य कौतुकानेच उच्चारले जाई. म्हणूनच २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील एक सरकारी शेतकी शिष्यवृत्ती एकाएकी स्थगित झाल्याची बातमी आमच्या वाचनात आली, तेव्हा ती परक्या देशाची म्हणून आम्हांला बाजूस सारता आली नाही.

ही शिष्यवृत्ती तेथील केंद्रीय कृषिखात्याने १९९२ साली सुरू केली. निवड झालेल्या विद्यार्थ्याची फी, पुस्तके, निवास आणि भोजन यांचा भार चार वर्षांपर्यंत खात्याने उचलावा, असे ठरले. विद्यार्थ्याने शेती, अन्नशास्त्र, नैसर्गिक साधनसंपत्ती किंवा त्यांच्याशी निगडित विषय घ्यावयाचा, उन्हाळ्याच्या सुटीत खात्यात उमेदवारी करावयाची आणि जितकी वर्षे साहाय्य मिळाले तितकी वर्षे पदवीनंतर त्याच खात्याची सेवा करावयाची. आमच्या ओळखीचा बाँडच तो! कागदोपत्री तीत वर्णाची अट नव्हती. अट होती ती संस्थेची. विद्यार्थ्याला देशातील ठरावीक एकोणीस विद्यापीठांपैकी एकात प्रवेश मिळालेला असला पाहिजे. ही एकोणीसही विद्यापीठे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली आहेत. त्यांच्या समूहाला आणि या शिष्यवृत्तीलाही ‘१८९०’ या सालावरूनच ओळखले जाते.

या सालाचा इतिहास थोडा विस्ताराने सांगावयास हवा. १८६२ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, अध्यक्ष लिंकन यांनी कृषिखात्याची स्थापना केली. त्याच वर्षी, शेतकी आणि यांत्रिकी शिक्षणाची महाविद्यालये काढण्यासाठी राज्यांना सरकारी जमीन देणारा कायदाही त्यांच्याच सहीने झाला. काँग्रेसमधील राज्याच्या प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर, असे त्या दानाचे माप होते. (ती जमीन मूळच्या आदिवासी जमातींकडून आलेली होती, हेही विसरता येत नाही.) या कायद्यातून मोठमोठी विद्यापीठे उभी राहिली; परंतु दक्षिणेकडील राज्यांत त्यांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. तेव्हा १८९० साली दुसरा कायदा आला. प्रवेश देताना वर्ण पाहू नका, आणि ते करावयाचे नसेल तर कृष्णवर्णीयांसाठी निराळी संस्था काढा, असे त्याने राज्यांना बजावले. दक्षिणेकडील राज्यांनी निराळ्या संस्थांचा मार्ग पत्करला. या खेपेस जमीन नव्हती, रोकड होती. प्रत्येक राज्याला आरंभी वर्षाला १५,००० डॉलर्स आणि पुढे वाढत २५,००० पर्यंत. दोन संस्थांमध्ये तिची न्याय्य वाटणी व्हावी असे कायदा म्हणत होता. परंतु न्याय्य म्हणजे किती, हे ठरवणारे हात कोणाचे होते ते वाचकांच्या लक्षात येईलच. शेतकी संशोधनासाठी केंद्राचा नियमित पैसा पहिल्या कायद्याच्या महाविद्यालयांना १८८७ पासून मिळू लागला. तशी कायमची तरतूद १८९० च्या संस्थांना मिळाली ती १९७७ साली. मध्ये नव्वद वर्षे गेली.

या एकोणीस संस्थांपैकी एक मराठी वाचकाला घरच्यासारखी परिचित आहे. ती म्हणजे अलाबामा राज्यातील टस्कीगी. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले. आमच्या घरातील प्रत इतक्या हातांतून फिरली, की तिची शिवण दोनदा घालावी लागली. गुलामीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, कॅन्ससमधील महाविद्यालयाने केवळ वर्णामुळे दारातून परत पाठवलेला, पुढे आयोवाच्या शेतकी महाविद्यालयाचा पदवीधर झाला आणि १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून टस्कीगीला आला. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमूग, रताळी, चवळी घ्या, असे तो शेतकऱ्यांना सांगत राहिला. १९०६ साली टस्कीगीने एक गाडी सज्ज केली. तिला खेचरे जोडलेली असत आणि तिच्यातून अवजारे, बियाणे आणि शिक्षक शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जात. आमची मुले ती हकीगत ऐकताना कार्व्हरच्या प्रयोगशाळेविषयी विचारीत. आम्हांला मात्र ती गाडी अधिक मोलाची वाटत आली आहे. ज्ञानाने शेतकऱ्याकडे चालत जावयाचे असते, हे तिने दाखवून दिले.

परंतु ज्ञान पोहोचले तरी जमीन हातात राहिली पाहिजे. १९२० साली अमेरिकेत नऊ लाखांहून अधिक कृष्णवर्णीय शेतकरी होते. साधारणतः दर सात शेतकऱ्यांत एक. २०१७ च्या गणनेत त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आत आलेली दिसते. याची कारणे अनेक आहेत. दक्षिणेतील दहशत, उत्तरेकडील शहरांकडे झालेले स्थलांतर, मृत्युपत्राअभावी सामाईक राहिलेल्या जमिनींचे लिलाव आणि यंत्रयुगाने लहान शेतीवर आणलेला घाला ही त्यांतील काही. पण एक कारण खुद्द कृषिखात्याच्या दप्तरात होते. सरकारी कर्ज कोणास द्यावयाचे यावर तालुक्यासारख्या लहान विभागांच्या समित्यांचा मोठा प्रभाव असे, आणि त्या समित्यांवर कृष्णवर्णीय मनुष्य क्वचितच असे. अर्ज अडून राहत. मंजूर झालेले कर्ज पेरणी उलटून गेल्यावर हाती येई. शेतीच्या वाटेला गेलेल्या कोणत्याही मराठी घराला याचा अर्थ समजावून सांगावयास नको. वेळ टळल्यावर आलेले कर्ज हे नकारापेक्षाही वाईट, कारण त्याचे व्याज मात्र वेळेवर येते.

उत्तर कॅरोलिनातील टिमथी पिगफर्ड या शेतकऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९९७ साली कृषिखात्यावर दावा गुदरला. १९९९ साली न्यायालयाने त्यातील तडजोड मान्य केली. १९८१ ते १९९६ या काळातील पक्षपाताच्या तक्रारींपोटी एक अब्ज डॉलर्सहून अधिक रक्कम सरकारला द्यावी लागली. मुदतीत अर्ज करता न आलेल्यांसाठी २०१० साली आणखी सव्वा अब्जाची तडजोड झाली. पैसे मिळाले, गेलेली जमीन मात्र बहुतेकांना परत मिळाली नाही.

एका हाताने हे खाते कृष्णवर्णीय शेतकऱ्याचा अर्ज अडवीत होते आणि दुसऱ्या हाताने १९९२ पासून त्याच समाजाच्या मुलामुलींना शिकवून आपल्याच कचेऱ्यांत बसवीत होते. प्रथमदर्शनी ही विसंगती वाटते. आम्हांला मात्र त्या शिष्यवृत्तीचे खरे मोल येथेच दिसते. फी भरली जाणे ही मोठीच गोष्ट. परंतु कर्जाचा अर्ज वाचणाऱ्या, माती तपासणाऱ्या, पीकविम्याचा कागद समजावून सांगणाऱ्या माणसांत पूर्वी बाहेर उभे ठेवलेल्यांची मुले येऊन बसली, तर कचेरीचे वळण हळूहळू बदलते. बाँडाची अट त्या मुलाला खात्याशी बांधते, तशी ती खात्यालाही त्या मुलासाठी एक खुर्ची मोकळी ठेवावयास लावते.

आमचे एक मामा शेतकी खात्यात होते. सरकारी साहाय्यावर शिकून, बाँड लिहून देऊन, एका आडवळणाच्या तालुक्यात ते रुजू झाले. तेथे गावकुसाबाहेरच्या वस्तीतील शेतकरी येत, ते कचेरीच्या पायरीवरच बसून राहत. आत कोणी बोलावीतही नसे. मामांनी आपल्या टेबलासमोर एक बाक आणून ठेवला आणि येईल त्याला त्यावर बसवूनच बोलण्याचा परिपाठ ठेवला. “अर्ज टेबलावर येतो रे, पण माणूस पायरीवरच राहतो,” असे ते म्हणत. त्यांच्यामागून आलेल्या अधिकाऱ्याने तो बाक हलवला की ठेवला, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही, आणि ती रुखरुख ते बोलूनही दाखवीत.

अमेरिकेतील या प्रश्नाशी मराठी मनाचे नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुढे चाळीस वर्षांनी, १९१३ साली, आमच्याच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. शिष्यवृत्ती देणाऱ्याची दृष्टी थोर होती, घेणाऱ्याची योग्यता तर जगाने पाहिली. पण १९१७ साली बाबासाहेब कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. थोड्याच दिवसांत त्यांना हे शहर सोडावे लागले. आज सयाजीबागेत त्या प्रसंगाची जागा श्रद्धेने दाखवली जाते. आम्ही तेथून अनेकदा जातो, आणि प्रत्येक वेळी मनात येते की राजाने विद्येचा खर्च दिला होता, खुर्चीही दिली होती. त्या खुर्चीभोवतीच्या माणसांनी मात्र जागा दिली नाही. बडोद्याच्या मराठी समाजालाही या आठवणीपासून अंग चोरता येणार नाही.

म्हणून २०२५ ची ती बातमी आम्हांला आपली वाटली. शिष्यवृत्ती फेरविचारासाठी स्थगित झाल्याचे प्रसिद्ध होताच लोकप्रतिनिधींनी आणि विद्यापीठांच्या हितचिंतकांनी आवाज उठवला, आणि काही दिवसांतच अर्ज पुन्हा स्वीकारले जाऊ लागले. संकट त्या वेळेपुरते टळले. परंतु तेहतीस वर्षे चाललेली व्यवस्थाही एका सूचनेने थांबू शकते, हे त्या मुलांनी पाहिले. त्याआधी, २०२३ च्या सप्टेंबरात, केंद्राच्या शिक्षण आणि कृषिमंत्र्यांनी सोळा राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून कळवले होते, की गेल्या तीसएक वर्षांत १८९० च्या विद्यापीठांना बरोबरीच्या मानाने मिळावयास हवे होते त्याहून एकूण बारा अब्ज डॉलर्सहून अधिक कमी मिळाले. कायद्यातील ‘न्याय्य वाटणी’ हा शब्द तेव्हाही कागदावरच होता.

आपल्या गावोगावच्या मराठी मंडळांतही वार्षिक संमेलनात गरजू विद्यार्थ्यांना पाकिटे दिली जातात, टाळ्या होतात, छायाचित्र निघते. ही प्रथा चांगलीच आहे, तिचा खर्च कमी करावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आमची सूचना एवढीच, की पाकीट दिलेल्या मुलाचे नाव मंडळाच्या वहीत पदवीनंतरही पाच वर्षे राहावे. तो कोठे रुजू झाला, तेथे त्याला कोणी घर भाड्याने दिले की नाही, दुपारी डबा उघडताना त्याच्याशेजारी कोणी बसते की नाही, याची कोणीतरी चौकशी करावी. या कामाला पैसा लागत नाही. एक पोस्टकार्ड, एक दूरध्वनी, एखादा रविवार पुरतो. यंदाच्या सभेत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. वाचकांनी आपापल्या गावीही तो मांडून पाहावा.