दुर्बल आम्ल

धाकटी अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळचं जेवण दिवसाउजेडी उरकून मी ओटा पुसत होते आणि ती स्वयंपाकघरातच पाट टाकून रसायनशास्त्राचं पाठांतर करत होती. शाळा हिंदी माध्यमाची. ‘हाइड्रोसायनिक अम्ल, दुर्बल अम्ल’ असं दोनदा-तीनदा कानावर आलं आणि माझा हात थांबला.

“काय म्हणालीस? सायनाईडचं आम्ल आणि दुर्बल?”

“हो आई. हे बघ, कोष्टकात पार तळाशी आहे.”

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. कारंज्याची मुलगी, लग्न होऊन भोपाळला आले. विज्ञानाशी माझा संबंध कुकरच्या शिट्टीपुरता. पण भोपाळमध्ये राहून सायनाईडला कुणी दुर्बल म्हटलं तर गप्प कसं बसायचं? मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, आता मला शिकव.

तिनं शिकवलं ते असं. आम्ल पाण्यात पडलं की त्याचे कण आपल्याजवळचा हायड्रोजन सोडतात. सगळे कण सोडतातच असं नाही. किती सोडले आणि किती धरून बसले, याचं माप म्हणजे विचरण स्थिरांक. बाथरूम धुवायच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक (जे आपल्या पोटातही असतं म्हणे) जवळपास सगळं सोडून मोकळं होतं, म्हणून ते तीव्र. सिरक्यातलं ॲसेटिक मात्र चिकट. बाजारातल्या सिरक्यात हजार कणांमागे चार-पाच काय ते सोडतात. सिरका आमच्या घरात येत नाही, म्हणून मी लिंबाचा दाखला मागितला. “लिंबू नको आई, त्याला तीन-तीन स्थिरांक आहेत!” म्हणून तिनं ते उडवून लावलं. हायड्रोसायनिकचा आकडा 4.9 गुणिले 10 चा उणे दहावा घात. असे आकडे लिहायला अवघड, म्हणून त्याचा ‘पीके’ काढतात, तो येतो 9.3. हिशेब उलटा, पीके जितका मोठा तितकं आम्ल दुर्बल. ॲसेटिकचा 4.76 आहे.

म्हणजे ‘दुर्बल’ याचा अर्थ ‘कमी घातक’ असा नाहीच. जो हातातलं सोडत नाही तो दुर्बल, एवढंच. (अपरिग्रहावरची इतकी प्रवचनं ऐकली, पण हे उदाहरण कुणी दिलं नव्हतं.)

खरी गोष्ट पुढंच होती. आपलं रक्त किंचित अल्कधर्मी, त्याचा पीएच 7.4. तिथं हायड्रोसायनिकच्या शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव कण हायड्रोजन धरूनच राहतात. असा अखंड कण विद्युतभार नसलेला, म्हणून पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो. आत गेल्यावर सायनाईड पेशीतल्या लोहाला चिकटतं आणि पेशीला प्राणवायू वापरता येत नाही. रक्तात प्राणवायू असतो, पण घेणारं कुणी नाही. म्हणून शिरेतलं रक्तही लालभडक राहतं.

लालभडक रक्त म्हटलं की भोपाळच्या जुन्या माणसांना डॉ. हीरेश चंद्र आठवतात. गांधी मेडिकल कॉलेजात न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ई-610 टाकीत पाणी शिरलं आणि चाळीसेक टन मेथिल आयसोसायनेट गरम होऊन बाहेर पडलं. नावात सायनेट असलं तरी तो वायू म्हणजे सायनाईड नव्हे, आणि आम्लही नव्हे. डोळे आणि फुप्फुसं जाळणारं ते वेगळंच प्रकरण. पण शवविच्छेदनात डॉक्टरांना रक्त चेरीसारखं लाल दिसलं आणि त्यांना सायनाईडचा संशय आला. तापलेल्या टाकीत तेही तयार झालं होतं का, यावर पुढं मोठा वाद झाला. एक बाजू म्हणे फक्त फुप्फुसांचा आजार, दुसरी म्हणे सोडियम थायोसल्फेटची इंजेक्शनं द्या. फेब्रुवारी 1985 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनंही ती द्यायला सांगितलं, तरी वाद मिटला नाही.

माझ्या सासूबाई त्या रात्री चौकातल्या घरी होत्या. पुढं आयुष्यभर त्यांना धाप लागायची. देवळाच्या पायऱ्या मध्ये बसून बसून चढायच्या. थायोसल्फेटची दोन इंजेक्शनं त्यांनी घेतली होती, तिसरं घेतलं नाही. का, ते त्या मला नेहमी सांगायच्या. “अगं, लघवी तपासली. सुईच्या आधी आकडा कमी होता, सुईनंतर दुपटीहून जास्त. थायोसायनेट का काय ते. तिथलाच एक जण बोलला, अम्माजी, जहर बढ़ गया है। मग कोण घेतंय पुढची?”

तो कागद त्यांच्या फायलीत होता. त्या जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, पण दाव्याची कागदपत्रं आम्ही कुणी टाकली नव्हती. मी फाइल काढून धाकटीपुढं ठेवली. तिनं पुस्तक चाळलं, मोबाइलवर शोधलं, आणि जरा वेळानं म्हणाली, “आई, आकडा वाढला म्हणजे विष बाहेर पडत होतं.”

थायोसल्फेट शरीराला गंधक देतं. यकृतातलं एक विकर तो गंधक सायनाईडला जोडतं आणि त्याचं थायोसायनेट होतं. त्याचं आम्ल तीव्र. रक्तात ते हायड्रोजन धरून ठेवत नाही, भारित होऊनच फिरतं, आणि मूत्रपिंडं त्याला हळूहळू लघवीतून बाहेर काढतात. आत शिरणारं दुर्बल आणि निघून जाणारं तीव्र. मी तिच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं.

त्या एका कागदावरून सासूबाईंच्या अंगात सायनाईड किती होतं ते ठरत नाही. थायोसायनेट थोडंफार सगळ्यांच्याच लघवीत असतं, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या जास्त. उरलेली इंजेक्शनं घेतली असती तर धाप कमी झाली असती असंही मी म्हणणार नाही. जळलेली फुप्फुसं इंजेक्शननं भरून येत नाहीत. पण चढलेला आकडा वाईट नाही, एवढं एक वाक्य त्यांना कुणी सांगायला हवं होतं. दाव्याच्या कागदावर त्यांची इजा ‘तात्पुरती’ लिहिली होती, ती बत्तीस वर्षं पुरली.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ कागद उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, “आईला हे कळलं असतं तर तिनं पुढची सुई घेतली असती?”

मी म्हटलं, घेतली असती. पाणीसुद्धा दोनदा गाळून, निरखून पिणारी बाई ती. नीट समजावलं की ऐकायच्या.

धाकटीनं तेवढ्यात पेन्सिलीनं कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मी रागावणार होते, आजीच्या कागदावर गिरगटू नकोस म्हणून. पाहिलं तर दोन आकड्यांच्या मध्ये बाण काढला होता आणि पुढं लिहिलं होतं, ‘बाहेर’.