हत्यारांची खतावणी

मधुमेह आईकडून आणि सुतारकाम वडिलांकडून, असा आमचा वडिलोपार्जित वारसा. त्यातला मधुमेह अद्याप प्रकट झालेला नाही. सुतारकाम मात्र गेल्या गणपतीत झाले. माळा आवरताना वडिलांची लाकडी पेटी खाली आली. तिच्यात रंधा, दोन करवती, चार पटाश्या, गुण्या, गिरमिट, कानस आणि ठोकून सरळ केलेल्या जुन्या खिळ्यांची एक पुडी निघाली. वडील शाळेत कारकून. पण रविवारी सदरा काढून त्यांनी रंधा हातात घेतला, की खुद्द विश्वकर्म्याने फळी धरायला उभे राहावे!

पेटी पाहून आई म्हणाली, "अरे, मला एक बुटकं स्टूल करून देशील? पलंग उंच पडतो. गुडघे ऐकत नाहीत आता." त्या वेळी ती तेलाचा रिकामा डबा उपडा घालून पलंगावर चढत असे.

"दोन दिवसांत करतो," मी म्हणालो. मी बँकेत कारकून. आमच्याकडे 'दोन दिवसांत' या शब्दांना काय अर्थ असतो, हे सुज्ञ खातेदारांस सांगणे नलगे.

पण कामाला आधी बैठक हवी. म्हणून बाल्कनीत बाक करायचे ठरले. सरळ उभे राहून हात खाली सोडला, की मनगट जिथे येते तेवढी बाकाची उंची असावी, असे मी वाचले होते. माझे मनगट ३४ इंचांवर आले. १९ मिलिमीटरचा प्लायवूड आणून बाक उभा केला आणि रंधा मारून पाहिला. फळी जागेवरच राहिली, बाक मात्र कठड्याच्या दिशेने चालू लागला. तेव्हा तो भिंतीला टेकवला, खाली एक फळी ठोकली आणि तिच्यावर वडिलांची पेटी व चार विटा ठेवल्या. वजन खाली गेले, बाक शांत झाला. (हा उपाय आमच्या शाखाधिकाऱ्यांनाही लागू पडेल काय, हा विचार मनात आला, पण विटा कुठे ठेवाव्यात ते सुचेना.)

मग हत्यारांची व्यवस्था. रोज लागणारी हाताशी, क्वचित लागणारी वर, जड ती खाली. भिंतीवर फळी लावून खिळे मारले. प्रत्येक हत्यार फळीवर धरून त्याची आकृती पेन्सिलीने काढली आणि आतून काळा रंग भरला. म्हणजे हत्यार जागेवर नसले की काळी सावली ओरडून सांगणार, "माझी बाकी येणे आहे!" करवतींच्या दात्यांवर बागेच्या नळीचे चिरलेले तुकडे चढवले. लोणच्याच्या बरण्यांची झाकणे फळीच्या खालच्या बाजूस स्क्रूने बसवली आणि स्क्रू भरलेल्या बरण्या त्यांत फिरवून लटकवल्या. लोणचे कुठे गेले, हे मी विचारले नाही. सौभाग्यवतींनी मात्र बरण्या कुठे गेल्या, हे विचारले.

शेवटी एक वही घातली. जे येते ते नावे, जे जाते ते जमा! चिरंजीवांना सायकलसाठी पक्कड हवी झाली, तर सही करून न्यायची. चिरंजीवांनी सायकल चालवणे सोडले. सौभाग्यवतींनी वहीकडे एक नजर टाकली आणि कॅलेंडरचा खिळा नेहमीप्रमाणे वरवंट्याने ठोकला. "अहो, तुमची हातोडी मळेल," असे वर ऐकवले.

असे करता करता होळी आली. फळीपुढे उभा राहून मी रोज संध्याकाळी हत्यारे मोजत असे. एकही कमी नाही. रोख तंतोतंत जुळत होती. व्यवहारच होत नसला, की रोख नेहमी जुळते!

एका रात्री आईच्या खोलीत खडखडाट झाला. धावत गेलो, तर डबा एका कोपऱ्यात आणि आई पलंगाची कड धरून जमिनीवर. लागले नव्हते. "काही नाही रे, डबाच म्हातारा झाला," ती म्हणाली. मी तिला उठवून बसवले. पाणी पिता पिता तिने उघड्या दारातून बाल्कनीतल्या फळीकडे पाहिले. "तुझी हत्यारं मात्र कशी आपापल्या जागी निजलीत हो," ती म्हणाली. टोमणा नव्हता, खरोखरीचे कौतुक होते. म्हणूनच मला रात्रभर झोप आली नाही. सहा महिन्यांत मी घरातल्या प्रत्येक पटाशीला स्वतंत्र बिछाना दिला होता, आणि आईला तिच्या बिछान्यावर चढता येत नव्हते.

रविवारी सकाळी जुन्या चौकटीचे सागवान काढले. तासाभरात फळी रिकामी झाली. रंधा बाकावर, गुण्या खुर्चीवर, गिरमिट भुशाखाली. सगळ्या सावल्या येणे बाकी म्हणून ओरडत होत्या आणि मला ऐकायला सवड नव्हती. वहीत एकही नोंद झाली नाही. चिरंजीव न सांगता फळी धरायला आले. संध्याकाळी स्टूल उभे राहिले. म्हणजे तीन पायांवर उभे राहिले. चौथ्यात अर्ध्या सुताचा फरक!

मी करवत उचलली. आई म्हणाली, "राहू दे. एक कापशील, मग दुसरा कापावासा वाटेल. तुझ्या बाबांचं पहिलं स्टूल असंच पाट झालं होतं." हे मला नवीन होते. विश्वकर्म्याच्या हातूनही फरक निघत असे तर! तिने माझ्या खिशातली पैसे भरायची स्लिप घेतली, चार घड्या घातल्या आणि त्या पायाखाली सरकवली. स्टूल गप्प झाले.

बँकेत न जुळलेला फरक सस्पेन्स खात्यात टाकतात. तो तिथे फार दिवस राहिला, तर ऑडिटर जाब विचारतो. आमची स्लिप अजून त्या पायाखालीच आहे. आमच्या ऑडिटरबाई रोज रात्री तिच्यावर भार टाकून पलंगावर चढतात आणि एका शब्दाने विचारत नाहीत.