मी मिग उतरवितो

मी शिक्षणाने कलाशाखेचा, पेशाने भाषाशिक्षक. यंत्रांच्या बाबतीत सायकलची उतरलेली साखळी चढविण्यापलीकडे माझी गती नाही, हे माझे विद्यार्थी जाणून आहेत. असा मी गेली दोन-अडीच वर्षे दर रविवारी सकाळी, भोपाळातील आमच्या दोन खोल्यांच्या घरात बसून, सोव्हिएत बनावटीचे मिग-२१ हे लढाऊ विमान उडवीत असतो, असे सांगितले तर वाचकांस हसू आल्याशिवाय राहणार नाही. विमान अर्थातच संगणकाच्या पडद्यावरचे. घाम मात्र खरा येतो.

हे वेड तसे जुने. गोव्यात महाविद्यालयात शिकत असताना एका मित्राकडे ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ हा २००१ साली निघालेला खेळ होता. त्यात दुसऱ्या महायुद्धातील याक, लावोच्किन अशी विमाने आम्ही आळीपाळीने उडवीत असू. खरे म्हणजे पाडीत असू. पुढे नोकरीसाठी भोपाळास आलो आणि तो नाद सुटला. ३० सप्टेंबर २०२३ रोजी वायुसेनेने येथील मोठ्या तलावावर विमानांच्या कसरती केल्या, तेव्हा मुलांना घेऊन मी काठावर उभा होतो. विमान डोक्यावरून निघून जाई आणि आवाज मागाहून येई. त्या दिवशी ते वेड पुन्हा जागे झाले. दहावीतील एका विद्यार्थ्याने मला ‘डीसीएस’ हा खेळ सुचविला. त्यात २०१४ पासून मिग-२१ बिस उडविता येते. शिकविणारा व शिकणारा या आमच्या भूमिका रविवारपुरत्या उलट झाल्या.

या खेळात नुसती एक कळ दाबून विमान उडत नाही. विद्युत्पुरवठ्यापासून आरंभ करून एकेक बटण क्रमाने चालू करावे लागते. विमानकक्ष आतून निळसर-हिरवा. समोरच्या फलकावर मधोमध एक पांढरी उभी रेघ ओढलेली असते. विमान गरगरत कोसळू लागले, तर वैमानिकाने हातातील दांडा त्या रेघेकडे ढकलावयाचा, एवढ्यासाठी ती. घाबरलेल्या माणसासाठी इतकी थोडक्यात लिहिलेली सूचना मी अन्यत्र वाचलेली नाही.

वर चढणे सोपे. कठीण ते उतरणे. मिगचे पंख आखूड व त्रिकोणी, वेगासाठीच घडविलेले. वेग कमी झाला की ते विमानाचा भार पेलण्यास कुरकुर करतात. म्हणून धावपट्टीकडे येतानाही ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेग राखावा लागतो, नाक वर धरावे लागते, आणि नाक वर असल्यामुळे धावपट्टीच नीट दिसत नाही. ती एकदाची दृष्टीस पडली की मला हायसे वाटे. मी इंजिनाची शक्ती एकदम कमी करी, आणि विमान दगडासारखे खाली येई. मग पडद्यावर धूर आणि ज्वाळा. मी चहाचा घोट घेई व पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. अशा रीतीने मी चाळीसएक वेळा मेलो असेन. घरच्यांनी मोजणे सोडून दिले होते.

२०२५ च्या दिवाळीत नाशिकहून माझे मामा आमच्याकडे आले. मामा मूळचे फोंड्याचे. १९७७ साली ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात लागले, ते तेथूनच निवृत्त झाले. मिग-२१ चा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. मामा पंखांच्या विभागात फिटर. आम्हा भाचरांना त्यांचा केवढा अभिमान! १४ डिसेंबर १९७१ रोजी मिग विमानांनी ढाक्यातील गव्हर्नरच्या निवासस्थानावर हल्ला चढविला आणि गव्हर्नराने राजीनामा दिला, ही कथा आम्ही त्यांच्या तोंडून कितीदा ऐकली असेल! त्या वेळी मामा स्वतः शाळेत होते, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला चंदीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला. १९६३ साली ती प्रथम वायुसेनेत आली, तीही चंदीगडलाच. बासष्ट वर्षांची सेवा. मामांनी तो समारंभ दूरदर्शनवर पाहिला होता, पण त्याविषयी ते काहीच बोलत नव्हते. त्यांना बरे वाटावे म्हणून मी त्यांना संगणकासमोर खुर्ची दिली.

“हांगा बसून हांवें केन्नाच पळेलें ना,” ते हळूच म्हणाले. येथे बसून मी कधीच पाहिले नाही. सारी हयात पंख जोडण्यात गेली, आणि विमानात बसून बाहेर पाहण्याची पाळी आली ती अडुसष्टाव्या वर्षी, भाच्याच्या घरी.

मी मोठ्या डौलात उड्डाण केले, एक फेरी मारली आणि नेहमीप्रमाणे धावपट्टीच्या अलीकडेच विमान आपटले. “काही हरकत नाही, पुन्हा करू,” मी म्हणालो. वळून पाहतो तो मामा उठून गॅलरीत गेले होते.

मी मागोमाग गेलो. बऱ्याच वेळाने ते बोलू लागले. कोठेही मिग पडल्याची वार्ता आली की त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत जाई. कारण काय, ते चौकशीत ठरे तेव्हा ठरे. मामा विचारीत ते एवढेच: “पायलट भायर पडलो?” वैमानिक बाहेर पडला का?

ही वार्ता वारंवार येई. वायुसेनेच्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झाली आणि १७१ वैमानिक मृत्यू पावले, असे २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडच्या तळावरून निघालेले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ परतले नाहीत. त्यांच्या मातोश्री कविताताईंनी पुढे विमानसुरक्षेसाठी जी चळवळ केली, तिची कात्रणे मामांच्या कपाटात आहेत. त्या काळी नवशिके वैमानिक संथ शिकाऊ विमानांवरून जवळजवळ एकदम मिगवर येत. मधली पायरी म्हणून घेतलेली हॉक विमाने २००८ साली बिदरच्या तळावर दाखल झाली. आणि चाळीसदा मेलेला मी हातात चहाचा पेला घेऊन ‘पुन्हा करू’ म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच म्हणाले, “यो पुता, परत कर.” धावपट्टी दिसताच तू इंजिन कमी का करतोस, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, उतरावयाचे म्हणजे कमी करावयाचेच. तेव्हा त्यांनी माझ्या तपासणीच्या वहीच्या पाठीवर पंख काढून दाखविला. पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणारे फ्लॅप असतात. इंजिनातली दाबलेली हवा एका अरुंद फटीतून त्यांच्यावर फुंकली जाते, आणि तिच्या जोरावर तो आखूड पंख कमी वेगातही भार पेलतो. इंजिन मंदावले की हवा गेली, हवा गेली की पंख गेला. दोन वर्षे मी ज्याला माझ्या हाताचा दोष समजत होतो, त्याचे उत्तर आमच्या घरातच होते. मी कधी विचारले नव्हते.

मामा खुर्चीमागे उभे राहिले. “सवकास. इंजीन सोडूं नाका.” धावपट्टी दिसली, जवळ आली, नाकाखाली नाहीशी झाली, मी इंजिन तसेच धरून ठेवले. चाके टेकली. मग शक्ती कमी केली, शेपटीतील पॅराशूट उघडले, दांड्यावरचा ब्रेक आवळला. मी आनंदाने उठू लागलो, तो मामांनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसविले. विमान धावपट्टीवर टाकून कोणी उठतो काय? तेव्हा ते सावकाश त्याच्या जागी नेले, एकेक बटण बंद केले, आणि इंजिनाचा काटा शून्यावर येईपर्यंत आम्ही दोघे काही न बोलता पाहत राहिलो.

आता रविवारी संध्याकाळी नाशिकहून फोन येतो. विमान उतरले का, असे मामा विचारतात. अजूनही ते कधी कधी पडते; तसे सांगितले की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. खेळात वैमानिकाला बाहेर काढणारी कळ लागोपाठ तीन वेळा दाबावी लागते. पूर्वी ती कोठे आहे हेच मला ठाऊक नव्हते. आता इंजिन चालू करण्याआधी मी डावा हात एकदा तिच्यावरून फिरवून घेतो.