लाल विंचवाचं विष आणि धमनीचा स्नायू

विंचू चावलेलं पोर दवाखान्यात आणलं की घरचे लोक आधी नांगी कुठे बसली ते दाखवतात. मी म्हणेन, त्याची पावलं हातात घेऊन बघा. ती गार पडली असतील, दरदरून घाम फुटला असेल, उलट्या होत असतील, मुलगा असेल तर लिंग ताठरलं असेल, तर विष चावल्या जागेपुरतं राहिलेलं नाही. ठणक्याने माणूस तळमळतो, पण जीव घेते ती ही गार पावलांमागची घडामोड. त्या वेळी शरीरभरातल्या असंख्य बारीक धमन्या एकदम आवळल्या गेलेल्या असतात आणि हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलत असतं.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. धमनीच्या भिंतीतला अरेखित स्नायू हा माझा अभ्यासाचा विषय. गाव मुक्ताईनगर तालुक्यातलं. जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. तापी-पूर्णेचा संगम, चांगदेवाचं देऊळ, मुक्ताबाईची कोथळी, एका अंगाला केळीचे मळे आणि दुसऱ्या अंगाला कपाशी, असा हा मुलूख. पऱ्हाट्यांचे भारे, गोवऱ्यांचे ढीग, जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंतीतल्या भेगा ही विंचवाची हक्काची ठिकाणं. उन्हाळ्यात रात्री अंगणात झोपायचं आणि पहाटे कुठल्यातरी घरातून ‘इच्चू चावला’ अशी हाक यायची, हे आमच्या पिढीने पाहिलेलं आहे. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण सहसा जिवावर बेतत नाही. लहानखुरा लाल विंचू मात्र जीव घेऊ शकतो. लेकरांना त्याचा धोका सर्वांत जास्त.

या विषाचा मुख्य मारा मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्यांवर होतो. वाहिनी म्हणजे पेशीच्या पटलात बसलेलं एक प्रथिन. त्याच्या मधोमध एक सूक्ष्म छिद्र असतं आणि त्यातून ठरावीक विद्युतभारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. मज्जातंतूतून संदेश जाताना सोडियमची वाहिनी क्षणभर उघडते आणि हजारांश सेकंदात बंद होते. विष तिला वेळेवर बंद होऊ देत नाही. मग आपल्या इच्छेबाहेर चालणारी सगळी स्वायत्त यंत्रणा एकदम चेकाळते. आधी लाळ, घाम, उलट्या. मागोमाग अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचा लोंढा. लिंग ताठरतं, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांचा स्नायू सैल पडतो आणि रक्त भरतं. हातापायांतल्या धमन्यांचा स्नायू मात्र आवळतो. विष एकच, स्नायूही एकाच जातीचा. पण कुठल्या तंतूने त्याला काय सांगितलं यावर सगळं ठरतं.

आता त्या स्नायूकडे वळू. हाताचा दंड फुगवतो तो स्नायू वेगळा. धमनीत, आतड्यात, गर्भाशयात असतो तो अरेखित, आपल्या मर्जीने न चालणारा. धमनीत तो अखंड थोडा ताणलेला असतो. त्याच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे 40 ते 60 मिलिव्होल्ट ऋण असतो आणि सगळा कारभार या आकड्यावर चालतो. ऋणभार काही मिलिव्होल्टनी कमी झाला की पटलातल्या कॅल्शियमच्या वाहिन्या जास्त वेळा उघडतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून अधिक, त्यामुळे छिद्र उघडताच ते आत धावतं. आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, त्यातून एक विकर जागं होतं आणि स्नायू आकसतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाने तिच्यातून वाहणारं रक्त सोळाव्या हिश्शावर येतं. म्हणून काही मिलिव्होल्टचा फरक हा रक्तदाबाचा फरक असतो. गावोगावच्या औषधांच्या दुकानात मिळणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी याच कॅल्शियम वाहिन्या अडवते.

आकसणं असं सोपं असेल तर धमनी आकसतच का जात नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधताना लाल विंचू प्रयोगशाळेत आला.

1990 साली मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या या लाल विंचवाच्या विषातून 37 अमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी केली आणि तिला आयबेरिओटॉक्सिन हे नाव दिलं. ती सोडियमच्या वाटेला जात नाही. पोटॅशियमची एक मोठी वाहिनी असते, कॅल्शियम वाढलं की उघडणारी. तिच्या तोंडाशी ही साखळी बाटलीच्या बुचासारखी घट्ट बसते. पोटॅशियमच्या इतर बहुतेक वाहिन्यांना ती हातही लावत नाही. ही निवड इतकी नेमकी आहे, की एखाद्या धमनीत ही वाहिनी काय काम करते ते पाहायचं तर आयबेरिओटॉक्सिनचे थेंब टाकायचे आणि काय बिघडतं ते बघायचं, अशी रीतच पडली.

बिघडतं ते असं, की धमनी आकसते. याचा अर्थ ही वाहिनी उघडी राहून तिला आकसण्यापासून रोखत होती. अमेरिकेत व्हर्माँट विद्यापीठात मार्क नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं, की स्नायूपेशीच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियमच्या इवल्या ठिणग्या उडतात. ठिणगी पटलाच्या अगदी खाली, पेशीच्या छोट्याशा कोपऱ्यात. सगळ्या पेशीतलं कॅल्शियम तिने फारसं वाढत नाही. पण शेजारच्या पोटॅशियम वाहिन्या तिच्यामुळे धडाधड उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, पेशीचा ऋणभार वाढतो, कॅल्शियमच्या वाहिन्या मिटतात आणि स्नायू सैल होतो. ज्या कॅल्शियमने आकसायचं, त्याच्याच ठिणगीने सैल व्हायचं! मी हे प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसता बसलो होतो. आजही वर्गात हा भाग आला की माझा आवाज चढतो. 2000 साली याच वाहिनीच्या एका साहाय्यक घटकाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांचा रक्तदाब चढलेला होता.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. चावलेल्या माणसाची हालत होते ती मुख्यतः सोडियमवाल्या विषांमुळे. आयबेरिओटॉक्सिन हा त्या विषातला एक घटक, आणि त्याचं मोल प्रयोगशाळेत.

केळीच्या मुलखात पोटॅशियमचं नाव काढलं की हमखास विचारतात, ‘केळी खाल्ली तर बीपी उतरतं का?’ आहारातल्या पोटॅशियमचा रक्तदाबावर चांगला परिणाम होतो, पण तो बराचसा मूत्रपिंडामार्फत, जास्तीचं सोडियम बाहेर टाकून. केळं खाल्लं आणि धमनी सैल झाली, असा थेट हिशेब नाही. मूत्रपिंड निकामी होत आलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळी वाढवू नयेत.

व्हर्माँटमध्ये हे चाललं होतं त्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातला एक डॉक्टर याच स्नायूपाशी दुसऱ्या वाटेने पोचला होता. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. 1976 मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचू चावून धडधाकट माणसं आणि पोरं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून नोंदी करत. उलटी, घाम, लिंगाचा ताठरपणा आणि गार हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ खूण आहे, हे त्यांनी 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. धमन्या आवळल्यात तर त्या सोडवल्या पाहिजेत, या विचाराने त्यांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचं, सतत नजर ठेवून. खेड्यात ते कसं जमायचं? मग त्यांनी प्राझोसिन घेतलं. ही रक्तदाबाची साधी गोळी. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन धमनीच्या स्नायूवरच्या ज्या अल्फा ग्राहीवर बसून त्याला आवळायला लावतं, ती जागा प्राझोसिन अडवतं. 1986 मध्ये हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गंभीर रुग्णांतलं सुमारे 30 टक्क्यांचं मृत्यूचं प्रमाण पुढे एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या वैद्यकीय शिक्षणात या दोन गोष्टी दोन कप्प्यांत पडल्या आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमची कुठली वाहिनी अडवतं ते घोकतो. तो विंचू आपल्याच बांधावरचा आहे हे त्याला कुणी सांगत नाही. पुढे औषधशास्त्रात प्राझोसिन येतं, तेव्हा बिरवाडीचा उल्लेख झाला तर झाला. मी दोन्ही एकाच तासाला शिकवतो. खानदेशातली पोरं त्या तासाला मान वर करून ऐकतात, कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात कुणाला ना कुणाला विंचू चावलेला असतो.

प्राझोसिन विष मारत नाही, हे मात्र त्यांना बजावून सांगावं लागतं. ते फक्त स्नायूला सोडवतं. रक्तात फिरणाऱ्या विषाला गाठायला प्रतिविष लागतं. डॉ. बावस्करांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 70 रुग्णांवर केलेली चाचणी 2011 मध्ये ‘बीएमजे’त आली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. उशीर झाला, विषाने अ‍ॅड्रिनॅलिनचा लोंढा आधीच सोडला, की प्रतिविष तो परत घेऊ शकत नाही. तेव्हा मांत्रिकाकडे, उताऱ्याला घालवलेला प्रत्येक तास इथेच मोजला जातो. दवाखान्यात गेल्यावर विंचू किती वाजता चावला, उलटी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, या तीन वेळा डॉक्टरांना न विचारता सांगा.