हातभर अंतर

जमिनीवर पडलेली वस्तु वांकून उचलणें ही मनुष्याची केवढी चैन आहे, हें मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं कळलें. डाव्या खुब्याचा झिजलेला सांधा काढून तेथें कृत्रिम सांधा बसविल्यावर चौथ्या दिवशीं मला घरीं पाठविलें, तें नियमांच्या एका चिठ्ठीसह. कंबरेंत काटकोनापलीकडे वांकावयाचें नाहीं, पायावर पाय टाकावयाचा नाहीं, पाऊल आंत वळवावयाचें नाहीं. पहिले कांहीं आठवडे हे निषेध मोडले, तर नवा गोळा वाटींतून निखळण्याचा संभव! आयुष्यभर पाटावर मांडी घालून जेवलेल्या माणसाला ही केवढी शिक्षा, याची कल्पना १९६२ सालीं या सांध्याला आजचें रूप देणाऱ्या जॉन चार्न्ली या इंग्रज शल्यविशारदास बहुधा नसावी. त्यांच्या देशांत जेवतातच खुर्चीवर.

पत्नी सकाळीं दहाला तिच्या शाळेंत जाते, ती पांचाला परत येते. मधले सात तास रोगी मीच आणि परिचारिकाहि मीच. ही परिचारिका, सांगावयास खेद होतो, फार बेभरंवशाची निघाली. पोटरींत रक्त साकळूं नये म्हणून पाऊल घोट्यांतून वारंवार वरखालीं हलवावयाचें, तें ती वाचनाच्या नादांत विसरते. काठी चांगल्या बाजूच्या हातांत धरावयाची, ती हटकून दुखऱ्या बाजूला धरते. जिन्याचा नियम तेवढा तिच्या ध्यानांत राहिला; कारण तो शिकविणारी मुलगी अकरावींत माझ्या इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर बसत असे. "सर, चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा," हें तिनें मजकडून तीनदां म्हणवून घेतलें. मीं तिच्याकडून काय काय म्हणवून घेतलें होतें, तें मला आठवेना; तिला आठवत असावें.

नवव्या दिवशीं दुपारीं पेन हातांतून निसटून खाटेखालीं गेलें. पत्नीनें लांब दांड्याचा चिमटा आणला होता, तो स्वयंपाकघरांत. फोन गळ्यांत अडकवा, असें ती बजावून गेली होती, तो मेजावर. मी वांकलों. खुब्यांत अशी कळ आली, कीं खाटेची कड धरून मी तसाच अर्धवट उभा राहिलों. पेन दिसत होतें, हातभर अंतरावर.

त्या अवस्थेंत मला आई आठवली. १९९७ सालीं न्हाणीघरांत घसरून तिचा खुबा मोडला. ती सत्तरीची, मी तिचें शेंडेफळ. तिच्या नाजुक प्रकृतीमुळें शस्त्रक्रिया झाली नाहीं. चार महिने ती खाटेवर होती. तिचें एकच मागणें असे : "बाळ, तांब्या खाटेपाशीं ठेव रे." आणि मी तो भरून, झांकण घालून, समोरच्या कोनाड्यांत ठेवून कॉलेजांत जात असें. खाटेपाशीं तो लवंडतो, आणि खोली कशी नीटनेटकी दिसावी! संध्याकाळीं तांब्या भरलेलाच असे. आईला तहान लागत नाहीं, असा मीं निष्कर्ष काढला होता. पुरावा तर समोर होता.

कळ ओसरली; सांधा जागेवर होता. संध्याकाळीं पत्नीनें खाटेखालून पेन काढलें आणि माझ्याकडे पाहिलें.

"अहो, वांकलां होतां ना?"

मीं तिला मेज खाटेला लावावयास सांगितलें. औषधें, फोन, चिमटा, सारें त्यावर आलें. मग फडताळावर शोभेसाठीं ठेवलेला आईचा पितळी तांब्या खालीं काढ, म्हटलें.

"यांतून पाणी पिणार?" ती म्हणाली, "मग चिंचेनें घासावा लागेल."