खुर्चीची तब्येत

पक्षाघातानंतर शरीराची एक बाजू निकामी झालेल्या एका आजींकडे मी दर महिन्याला जात असे. रक्तदाब आणि साखर पाहायची, औषधांची चिठ्ठी लिहायची, दोन धीराचे शब्द बोलायचे आणि निघायचे, असा माझा शिरस्ता. त्यांना दिवसभर अंथरुणावर ठेवू नका, चाकांच्या खुर्चीत बसवा, हे मीच सांगितले होते. बैठक दुखते म्हणाल्या, तेव्हा हवेची रबरी रिंग आणायलाही मीच सुचवले. एके दिवशी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. साडीला डाग दिसला होता. जाऊन पाहतो तो डाव्या बैठकीच्या हाडावर रुपयाएवढी खोल जखम. मी काही विचारण्याआधीच सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सांगितलेल्याच रिंगवर त्या बसत होत्या. एक दिवसही चुकवला नाही."

त्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. जखम भरायला चार महिने लागले. त्या काळात मी जे वाचले, ते खरे तर आधीच वाचायला हवे होते.

या जखमेला आपण शय्याव्रण म्हणतो. या नावानेच माझी दिशाभूल केली होती. रुग्ण अंथरुणातून उठला की धोका टळला, असे मी मानत आलो. वास्तविक झोपलेल्या माणसाचे वजन पाठ, खांदे, पाय असे सर्वत्र वाटले जाते. बसलेल्याचे बहुतेक वजन मात्र नितंब आणि मांड्यांवर येते आणि बैठकीच्या दोन हाडांखाली दाब सर्वाधिक असतो. तेथील मांस चेपले जाऊन रक्तपुरवठा थांबतो. आपण नकळत चुळबुळ करतो म्हणून वाचतो. आजींना ती चुळबुळ शक्य नव्हती. १९५९ साली अमेरिकेतील डॉ. मायकेल कोसियाक यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले की मोठा दाब थोडा वेळ आणि लहान दाब दीर्घकाळ, या दोहोंनीही जखम होते. म्हणजे दाबाइतकेच महत्त्व वेळेला आहे.

मग रिंगने काय केले? हाडाखाली पोकळी ठेवली, पण वजन नाहीसे झाले नाही. ते कडेच्या गोल पट्ट्यावर आले आणि त्या पट्ट्याने आतल्या भागाचा रक्तप्रवाह आवळला. म्हणूनच आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे अशी रिंग वापरू नये, असे सांगतात.

खुर्चीचाही दोष होताच. आपल्या घरोघरी दिसणाऱ्या घडीच्या खुर्चीचे मूळ १९३३ सालच्या अमेरिकेत आहे. खाणीतल्या अपघातात पाठीचा कणा मोडलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे स्नेही हॅरी जेनिंग्ज या दोन अभियंत्यांनी ती मोटारीत ठेवता यावी म्हणून बनवली. घडी व्हावी म्हणून बैठक कापडी असते. कालांतराने ते कापड झोळीसारखे लोंबते, मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते आणि शरीर पुढे घसरते. त्या घसरणीत कातडी जागीच राहते, आतले हाड सरकते आणि मधल्या मांसाला ताण बसतो.

अभियंत्यांनी गादीची परीक्षाही औषधासारखीच काटेकोरपणे घेतली आहे. पिट्सबर्ग विद्यापीठातील डेव्हिड ब्रिएन्झा आणि सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शुश्रूषागृहांतील २३२ वृद्ध होते. सर्वांना मापाची खुर्ची दिली. साधारण निम्म्यांना साधी फोमची गादी, तर उरलेल्यांना शरीर थोडे आत सामावून घेणारी, दाब पसरवणारी विशेष गादी मिळाली. सहा महिन्यांत बैठकीच्या हाडांवरील जखमा साध्या गादीवर ६.७ टक्के, तर विशेष गादीवर ०.९ टक्के लोकांना झाल्या. माकडहाडाजवळच्या जखमाही मोजल्या, तेव्हा मात्र फरक इतका ठळक उरला नाही. गादी मोठी मदत करते. सगळे काम ती एकटी करत नाही.

उरलेले काम घरच्यांचे. रुग्ण बसलेला असताना तळहात वर करून गादीखाली, बैठकीच्या हाडाच्या रेषेत सरकवून पाहा. हाड थेट हाताला टेकत असेल, तर गादी दबली आहे, ती बदला. झोळ पडलेल्या कापडावर गादीखाली घट्ट, सपाट फळी बसवून घ्या. पायटा फार उंच नको. गुडघे वर गेले की सारा भार मागे येतो. दर अर्ध्या तासाने, समोर भक्कम टेबल ठेवून आणि जवळ उभे राहून, रुग्णाला पुढे झुकवा. क्षणभर उचलणे पुरत नाही. रक्त पुरते परतायला साधारण दोन मिनिटे लागतात. त्याआधी ब्रेक लावा. हवेचे टायर असतील, तर हवाही तपासा. ब्रेक टायरवरच दाबतो, आणि हवा कमी असेल तर तो धरत नाही. शिवाय खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते ती वेगळीच.

रोज रात्री कातडी पाहा. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तेथे ऊब, टणकपणा किंवा दुखरेपणा बोटांना कळतो. बोटाने दाबूनही न जाणारा डाग दिसला, तर त्या जागेवर बसवणे थांबवा आणि डॉक्टरांना लगेच दाखवा.

आता मी आजींकडे गेलो की रक्तदाबाच्या पट्ट्याआधी माझा हात गादीखाली जातो. आजी हसून विचारतात, "काय डॉक्टर, खुर्चीची तब्येत कशी आहे?" इतकी वर्षे मी फक्त त्यांची तब्येत विचारत होतो.